कर नाही त्याला डर कशाला?

(जिल्हा कार्यकर्ता मेळाव्यातील भाषणावरून)



आजच्या विषयपत्रिकेवर 'सरकारची पाळत आणि शेतकऱ्याचा खासगीपणा' असे वाचून दोघा-तिघांनी आम्हाला मंडपाबाहेरच गाठले. म्हणाले, कांद्याचे बोला, सोयाबीनच्या भावाचे बोला, थकलेल्या वीजबिलाचे बोला. खासगीपणा ही बंगल्यात राहणाऱ्यांची चैन आहे. आपल्या घराला दार असते, पण ते दिवसभर उघडे. कुणाकडे काय शिजले ते वासावरून आळीला कळते. कुणावर सोसायटीचे किती थकले ते चावडीवर कळते. गावात कसला आलाय खासगीपणा?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो, मग पुढे जातो.

शेजाऱ्याला आपले सगळे माहीत असते, हे खरे. पण आपल्यालाही त्याचे सगळे माहीत असते. तो फार तर पारावर चार शब्द जास्त बोलेल, सोयरीक मोडायला बघेल. सरकारचे तसे नाही. त्याला आपली माहिती असते, आपल्याला त्याची नसते. आणि सरकार नुसते बोलून थांबत नाही. ते जप्ती आणते, वीज तोडते, अनुदान थांबवते, पोलीस पाठवते. माहिती तीच असते. ती कुणाच्या हातात आहे आणि त्या हातात आणखी काय आहे, यावर सगळे ठरते.

मोजणारा हात आणि नेणारा हात

इथे पहिल्या रांगेत जे म्हातारे बसले आहेत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांनी लेव्ही पाहिली आहे. कुणाच्या कणगीत किती ज्वारी, कुणाच्या पेवात किती, याची नोंद सरकारला हवी होती. ती लोकांचे पोट भरले की नाही हे बघण्यासाठी नव्हे. बाजारात जास्त भाव असताना सरकारी भावाने किती पोती उचलायची, हे ठरवण्यासाठी. १९५५च्या आवश्यक वस्तू कायद्याने घरात शिरून झडती घेण्याची वाट मोकळी करून दिली होती. बायांनी धान्य गोवऱ्यांच्या खाली, कडब्याच्या गंजीत लपवले. स्वतःच्या रानात, स्वतःच्या घामाने पिकवलेली ज्वारी लपवून ठेवावी लागली आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून लेकीच्या सासरी दोन पोती नेणारा बाप नाक्यावर चोर ठरला.

कापसाचेही तेच. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि पुढे सुमारे तीन दशके टिकली. आपला कापूस सीमेपलीकडे चांगल्या भावाने विकायला निघालेल्या गाडीवानाला रात्रीच्या अंधारात आडवाटेने जावे लागे.

ही जुनी गाऱ्हाणी उगाळायची म्हणून सांगत नाही. आज कुणीही भेटले की म्हणते, "कर नाही त्याला डर कशाला? लपवण्यासारखे काही नसेल तर सरकारने पाहिले तर काय बिघडले?" ऐकायला बरे वाटते. पण 'कर' कशाला म्हणायचे हे कोण ठरवते? लेव्हीच्या काळात घरची ज्वारी घरात ठेवणे हा 'कर' होता. एकाधिकाराच्या काळात आपला कापूस आपल्याला हवा तिथे विकणे हा 'कर' होता. आपण तेच होतो, आपले काम तेच होते. कायदा बदलला आणि शेतकऱ्याचा चोर झाला. म्हणून ज्याने काही केले नाही त्यालाही डर असायला पुरेसे कारण आहे.

हजेरी

आता जरा स्वतःकडेही पाहू. आपल्या गावात पाळत होती, पण ती सगळ्यांवर नव्हती. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो आपल्याकडेही आला आणि पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींचे लोक जन्माला आले तेच गुन्हेगार म्हणून. त्यांना पाटलाकडे नाही तर चौकीवर हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवानगी. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली. त्या भागाला सेटलमेंट हे नाव अजून चिकटलेले आहे. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की पहिली धाड कुठल्या पालावर पडते हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

ती हजेरी आपल्याला लागत नव्हती म्हणून आपण गप्प बसलो. काही ठिकाणी तर हजेरी घेणारा आपल्यातलाच होता. आज हजेरीचे यंत्र आपल्या दारात आले आहे तेव्हा आपल्याला खासगीपणा आठवतो आहे. हे कबूल करूनच पुढे बोलले पाहिजे, नाहीतर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही.

सर्वोच्च न्यायालयातला या विषयावरचा एक जुना खटलाही अशाच एका माणसाचा आहे. उत्तर प्रदेशातले खडकसिंग. दरोड्याच्या आरोपात धरले, पुरावा मिळाला नाही, सोडून दिले. तरी पोलिसांनी त्यांच्या नावाची फाईल उघडली. गावचा चौकीदार आणि पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावत, हाका मारून झोपेतून उठवत. परगावी जायचे तर कुठे आणि कशाला ते सांगून जायचे. १९६२ साली न्यायालयाने रात्रीचे दार ठोठावणे बेकायदा ठरवले. पण त्याच निकालात बहुमताने असेही म्हटले की खासगीपणा हा काही मूलभूत हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांना ते पटले नाही. त्यांनी वेगळे मत नोंदवले.

त्या वेगळ्या मताला बहुमत व्हायला ५५ वर्षे लागली. कर्नाटकातले निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधारच्या विरोधात अर्ज केला होता. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. या नवांमध्ये आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. पुढे ते सरन्यायाधीश झाले आणि त्यांच्याच पीठाने जानेवारी २०२१ मध्ये तीन कृषी कायद्यांना स्थगिती दिली.

नऊ न्यायमूर्तींच्या निकालाची पाने शेकड्यांनी आहेत. पण कार्यकर्त्याने खिशात ठेवावे असे त्यात तीन प्रश्न आहेत. सरकार तुमची माहिती मागते, ती कुठल्या कायद्याने? कुठल्या रास्त हेतूसाठी? आणि त्या हेतूला जेवढी लागते तेवढीच मागते आहे का? हे तीन प्रश्न पाठ करा. शेवटी त्यांच्याकडेच यायचे आहे.

दीड मिनिटाची सही

फोन ऐकण्याचा कायदा १८८५ सालचा. ज्या वर्षी मुंबईत काँग्रेस जन्मली त्याच वर्षी इंग्रजाने तारायंत्राचा कायदा केला आणि तारेतून जाणारा संदेश अडवण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. इंग्रज गेला, कायदा राहिला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की फोनवर बोलणे हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, वाटेल तेव्हा ऐकता येणार नाही. गृहसचिवाचा लेखी हुकूम हवा, मुदत हवी, वर आढावा समिती हवी. मग नियम झाले. एका हुकमाची मुदत ६० दिवस, वाढवून वाढवून १८० दिवस. २०२३ साली दूरसंचाराचा नवा कायदा आला, २०२४ साली त्याखाली नवे नियम आले. चौकट तीच राहिली. हुकूम देणारे सरकारी अधिकारी, आढावा घेणारेही सरकारी अधिकारी. न्यायाधीश कुठेच नाही.

आता थोडा हिशेब करू. माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून २०१३ साली बाहेर आले की एकट्या केंद्र सरकारचे असे हुकूम महिन्याला साडेसात ते नऊ हजार निघत होते. नऊ हजार धरले तर दिवसाला ३००. साहेबांनी रविवारसुद्धा न घेता, चहासुद्धा न पिता आठ तास एवढेच काम केले, तरी एका माणसाच्या खासगी आयुष्याच्या वाट्याला दीड मिनिट येते. आढावा समितीचे तर विचारूच नका. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिले आहे की ही समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत १५ ते १८ हजार हुकूम तिच्यापुढे असतात. बाजार समितीत कांद्याचा लिलावसुद्धा यापेक्षा बारकाईने होतो.

आपल्या राज्यातले उदाहरण घ्या. २०२१ साली नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की त्यांचा फोन 'अमजद खान' अशा भलत्याच नावाने ऐकला गेला. २०२२ साली फोन ऐकण्याबद्दल गुन्हे नोंदले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. आम्ही इथे कुणाला दोषी ठरवत नाही. आमचा मुद्दा साधा आहे. आमदाराला विधानसभेत उभे राहून ओरडता येते. तालुक्याच्या गावात रास्ता रोकोची तारीख ठरवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याचा फोन ऐकला, तर त्याला ते कळणार कधी? कळवण्याचे बंधन कायद्यात कुणावरच नाही.

दाद मिळते तेव्हा मिळते, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि ऐकलेल्या बोलण्याच्या प्रती नष्ट करायला लावल्या. सार्वजनिक सुरक्षेला धोका असल्याशिवाय फोन ऐकता येत नाही, असे सरकारला बजावले. म्हणजे कायदा अगदीच बोथट नाही. तो उचलायला माणूस लागतो.

सरासरीला नाव लागत नाही

आता रानातल्या गोष्टीकडे येऊ. आम्ही शेतीशास्त्राचे पदवीधर आहोत. आकडे नकोत असे आम्ही म्हणणार नाही. आकड्याशिवाय शेतीशास्त्र आंधळे आहे. पीक कापणी प्रयोगाचे दहा मीटर बाय पाच मीटरचे प्लॉट आम्ही स्वतः दोऱ्या धरून आखले आहेत, धान्य मळून तोलले आहे. तलाठ्याने घरी बसून भरलेल्या पीकपेऱ्यापेक्षा १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी बरी, कारण तिच्यात शेतकरी स्वतः नोंद करतो, हेही आम्ही मानतो.

पण त्या प्लॉटवरून मंडळाची सरासरी निघते. सरासरीला सोयाबीन किती क्विंटल हे लागते, सोयाबीन कुणाचे हे लागत नाही. शास्त्राचे काम आकड्याने भागते. नाव लागते ते सत्तेला. जिथे जिथे आकड्याला नाव चिकटते तिथे आपण थांबून विचारले पाहिजे, हे नाव कशासाठी?

केंद्राने २ सप्टेंबर २०२४ रोजी डिजिटल कृषी अभियानाला मंजुरी दिली. खर्च २,८१७ कोटी रुपये. ११ कोटी शेतकऱ्यांना ओळख क्रमांक द्यायचा. या एका क्रमांकाला तुमचा आधार, तुमचा मोबाईल, तुमचे सगळे गट आणि त्यातले पीक जोडायचे. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. क्रमांक काढताना तुमची संमती घेतली जाते. ती कशी घेतात ते आम्ही एका केंद्रावर उभे राहून पाहिले. पोराने पडद्यावरच्या चौकटीत स्वतःच खूण केली. समोरच्या शेतकऱ्याने विचारले, "बाळा, काय लिहिलंय तिथं?" पोरगा म्हणाला, "काका, ते सगळ्यांनाच करावं लागतं." पोराची चूक नव्हती. रांग दारापर्यंत होती आणि त्याने खरे तेच सांगितले. नाही म्हणायची सोय नसेल तर त्या होकाराला संमती म्हणत नाहीत. पूर्वी लेव्हीच्या पावतीवरही आपलाच अंगठा असायचा.

उद्या कुठल्या गटात कुठले पीक आहे हे दिल्लीत बसून, नावानिशी, पेरणीनंतर महिन्याभरात दिसेल. सरकार त्या माहितीचे काय करील? आजवरचा अनुभव काय सांगतो? २ जून २०२३ रोजी तूर आणि उडदावर साठामर्यादा आली. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत. पिकाचा अंदाज सरकारला जितका लवकर, तितका भाव पाडण्याचा निर्णय लवकर. उद्या हीच यादी पाहून विमा कंपनी अर्ज फेटाळील, बँक कर्ज नाकारील, कंपनीचा माणूस तुमची गरज किती आहे हे आधीच जाणून खत-बियाण्याचा भाव सांगेल. २०२१ साली केंद्राच्या कृषी खात्याने मायक्रोसॉफ्टसह काही खासगी कंपन्यांशी सामंजस्य करार केले, तेव्हा तर खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदाही देशात नव्हता.

कायदा २०२३ साली आला. त्यात एक कलम असे की सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकते. म्हणजे कुंपण घातले आणि सर्वांत मोठ्या सांडासाठी फाटक उघडे ठेवले. दुसरे कलम त्याहून वाईट. त्याने माहिती अधिकाराच्या कायद्यालाच कात्री लावली. पूर्वी एखादी माहिती व्यक्तिगत असली तरी लोकहितासाठी ती द्यावी, अशी तरतूद त्याच पोटकलमात होती. ती काढून टाकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले तेव्हा ही कात्री लगेच लागू झाली. नागरिकाचे रक्षण करणाऱ्या मुख्य कलमांना मात्र अठरा महिन्यांची सवड. टँकर कुणाच्या विहिरीवर भरला, अनुदान कुणाच्या नावावर उचलले, हे विचारले की अधिकारी म्हणणार, ही व्यक्तिगत माहिती आहे. सरकारने आपल्याकडे पाहायच्या खिडक्या वाढवल्या आणि आपण सरकारकडे पाहायची खिडकी बुजवली.

पतंग

कुणी म्हणेल, हे सगळे पुढचे भय. तर मग झालेले ऐका. जानेवारी २०२१ च्या अखेरीस दिल्लीच्या सिंघू, टिकरी, गाझीपूर सीमांवर बसलेल्या शेतकऱ्यांचे इंटरनेट बंद केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. अंबाल्याच्या पोलिसांनी जाहीर केले की कॅमेरे आणि ड्रोनच्या चित्रांतून जे ओळखले जातील त्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा रद्द करण्याची कारवाई होईल. पंजाबातल्या कितीतरी घरांतला पोरगा परदेशात असतो. ही धमकी कुणाच्या काळजाला हात घालणारी होती ते लक्षात घ्या. गुन्हा सिद्ध व्हायचा होता, चेहरा मात्र सापडला होता.

शेतकऱ्यांनी काय केले? पतंग उडवले. ड्रोनच्या पंख्यात मांजा अडकावा म्हणून. आम्हाला त्या पतंगांचा अभिमान वाटतो. पण पतंगाच्या भरवशावर हक्क टिकत नाही.

आपला हात

शेवटचे सांगायचे ते आम्हाला सर्वांत जड जाते.

काही वर्षांपूर्वी एका गावात कर्जापायी शेतकऱ्याने आत्महत्या केली. आम्ही कार्यकर्ते पोचलो. आधी महसूलचे लोक येऊन गेले होते. मदतीला प्रकरण पात्र की अपात्र, हे ठरवायला चौकशी असते. त्या बाईला त्यांनी विचारले होते, नवरा दारू प्यायचा का, तुमचे भांडण होते का, मुलीच्या लग्नाचे काही होते का. तेराव्याच्या आत. आम्ही संतापलो. सातबारा आणि बँकेचा उतारा हातात असताना नवरा-बायकोचे भांडण कशाला उकरता, असे तहसीलदारांना जाऊन सुनावले.

आणि मग आम्ही काय केले? तिचा फोटो काढला. दोन पोरांना दोन बाजूंना उभे करून. तो आमच्या पत्रकात छापला, मोर्चाच्या फलकावर लावला. तिला विचारले नाही. वर्षभराने ती तालुक्याच्या बाजारात भेटली. म्हणाली, "भाऊ, पोरगं शाळेत जातंय. तो फोटो आता काढून टाका." बाकी काही बोलली नाही. सरकारने तिला विचारलेले प्रश्न आणि आम्ही काढलेला फोटो, यात तिच्या दृष्टीने फार फरक नव्हता.

'घरातली गोष्ट घरात' हे वाक्य आजवर बायकांवरच चालवले गेले. मारहाण झाकायला ते वापरले. आम्ही म्हणतो तो खासगीपणा हा नव्हे. तो घराचा किंवा घरधन्याचा हक्क नाही. तो एकेका माणसाचा आहे, म्हणजे त्या बाईचा स्वतःचा. नवऱ्यापासून, गावापासून, सरकारपासून आणि आपल्या संघटनेपासूनसुद्धा.

ठराव

म्हणून आजच्या मेळाव्यापुढे आम्ही चार ठराव ठेवतो.

एक. ओळख क्रमांक, पाहणी, कर्जमाफी, कुठलीही यादी असो. प्रत्येक ग्रामसभेत ते तीन प्रश्न लेखी विचारावेत. कुठल्या कायद्याने, कुठल्या हेतूने, आणि एवढी माहिती कशाला? उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. कायद्याला कात्री लागली असली तरी सरकारच्या कारभाराची माहिती मागायचा हक्क अजून आपलाच आहे.

दोन. ओळख क्रमांक नाही म्हणून कुणाचेही अनुदान, विमा किंवा मदत अडली असेल, तर तालुका शाखेने त्याचे प्रकरण लिहून घ्यावे. गावाचे नाव घ्यावे. शेतकऱ्याचे नाव त्याच्या परवानगीनेच पुढे न्यावे.

तीन. शेतकऱ्याची नावानिशी माहिती विमा कंपनीला, बँकेला किंवा कुठल्याही खासगी कंपनीला त्याच्या प्रत्येक वेळच्या, खऱ्याखुऱ्या होकाराशिवाय देऊ नये, आणि फोन ऐकण्याचा हुकूम न्यायाधीशाने तपासल्याशिवाय लागू होऊ नये, अशी मागणी आमदार-खासदारांकडे करावी.

चार. आपल्या संघटनेने थकबाकीदारांच्या याद्या, सभासदांचे फोन, शोकाकुल कुटुंबांचे फोटो कुणालाही न विचारता मोबाईलवर फिरवणे आजपासून बंद करावे. जुने फलक उतरवावेत. आमच्या तालुक्यातला तो फलक आम्ही आमच्या हाताने उतरवला आहे. उशिरा उतरवला, पण उतरवला.

लेव्हीच्या काळात आपल्या आजीने ज्वारी गोवऱ्यांखाली लपवली, तेव्हा तिला मूलभूत हक्क हा शब्द माहीत नव्हता. आपले काय आहे ते परक्याने न विचारता मोजू नये, एवढे तिला कळत होते. तेवढे आपल्यालाही कळले आणि ते आपण ग्रामसभेत उभे राहून बोललो, तर आजच्या मेळाव्याचे चीज झाले असे आम्ही समजू.

ठरावांवर आता चर्चा करू. जय किसान.